गवंडी, ठेकेदार आणि मधले कागद

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त अभियंत्याने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी एकतीस वर्षे काढली. तिथे बोलण्यापेक्षा मोजण्याचे काम अधिक. चर किती खोल, भिंत किती लांब, हे मोजमाप पुस्तकात लिहायचे आणि खाली सही करायची. निवृत्त झालो तेव्हा फादर मला विक्रमगड तालुक्यातल्या आपल्या केंद्रावर घेऊन गेले. आज ते म्हणाले, तिथे काय करतोस ते लोकांना सांग. सांगण्यासारखे फार थोडे आहे. सिस्टर दवाखाना पाहतात, मुलांचे वसतिगृह पाहतात. मी कागद भरतो.

तुम्ही हसलात. पाड्यावरची माणसेही पहिल्या दिवशी हसली होती. त्यांना वाटले, साहेब विहीर बांधून देणार, निदान एखादा रस्ता मंजूर करून आणणार. मी पिशवीतून काढला कोरा अर्ज.

ज्यांच्यासाठी हे कागद आहेत, त्या माणसांना तुम्ही ओळखता. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी. भात झोडून झाले, दिवाळी झाली की विक्रमगड, जव्हार, मोखाड्याची घरेच्या घरे बंद होतात आणि माणसे खाली उतरतात. काही भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही उंबरगाव-वापीला, आणि बरीचशी आपल्या वसई, नालासोपारा, विरारच्या नाक्यांवर उभी राहतात. होळीला घरी जातात, पुन्हा येतात, आणि पहिल्या पावसाला नांगर धरायला परततात. आपल्या गावातला गेल्या वीस वर्षांतला कुठलाही बंगला घ्या. त्याची रेती कोणी चाळली, स्लॅबचा माल डोक्यावरून कोणी चढवला, हे तुम्हाला ठाऊक आहे.

यांच्यात नुसते बिगारी नाहीत, चांगले गवंडी आहेत. एकाला मी गेली सहा वर्षे ओळखतो. नाव घेत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याचा ओळंबा चुकत नाही. नकाशा वाचता येत नाही, पण एकदा समजावून सांगितला की जिन्याच्या पायऱ्या तो मनात मोजतो. प्रधानमंत्री आवास योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण असते, तेही त्याने पुरे केले आहे. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने वाशाला टांगून ठेवले आहे, उंदरांपासून वाचावे म्हणून. इतके असूनही तीस वर्षे तो मुकादमाच्या हाताखालीच राहिला. मुकादम काम घेणार, मुकादम हिशेब करणार, याने रोज घ्यायचा.

मी त्याला विचारले, "तू स्वतः ठेका का घेत नाहीस?"

तो म्हणाला, "साहेब, ठेका घ्यायला कागद लागतो. आमच्याकडे हात आहेत."

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. कंटाळवाणा आहे, पण सगळे अडते तिथेच. आपल्याकडे घराचा नकाशा काढणाऱ्याला परवाना लागतो. अभियंता, वास्तुविशारद, पर्यवेक्षक, या सगळ्यांची नोंद असावी लागते. ग्रामपंचायतीची किंवा महापालिकेची बांधकाम परवानगी घराच्या मालकाने काढायची. पण ते घर जो प्रत्यक्ष बांधतो, त्याने खाजगी काम घेण्यासाठी परवाना दाखवलाच पाहिजे असा नियम नाही. म्हणजे दार उघडे आहे, कोणीही आत यावे. मग अडचण कुठे? अडचण ही की या उघड्या दारातून मुकादमही येतो. त्याची नोंद कुठेच नसते. त्याच्या हाताखालची माणसे त्यामुळे कागदावर जन्मालाच येत नाहीत.

दुसरे दार सरकारी कामाचे. शाळेची खोली, अंगणवाडी, मोरी, संरक्षक भिंत. आदिवासी तालुक्यात बारमाही काम मिळते ते हेच, आणि त्या दाराला कुलपे पुष्कळ. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदार म्हणून नोंद लागते. ही नोंद वर्गवार असते. किती रकमेपर्यंतच्या कामाची निविदा भरता येईल ते वर्गावर ठरते. पॅन कार्ड हवे. जीएसटीचा क्रमांक हवा. कायद्याने बांधकामाच्या सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत ही नोंदणी सक्तीची नाही, पण निविदेच्या कागदांत तो रकाना रिकामा ठेवून पाहा! ऑनलाइन निविदेसाठी डिजिटल सही हवी, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा, आणि ऐपतीचा दाखला हवा.

या ऐपतीच्या दाखल्यापाशी आम्ही पाच महिने थांबलो. बँकेने विचारले, मालमत्ता काय? याची दोन एकर भातजमीन आहे. बँकेचा साहेब सातबारा पाहून म्हणाला, ही आदिवासीची जमीन, आमच्या उपयोगाची नाही. तो खोटे बोलत नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. म्हणून बँका अशी जमीन तारण घ्यायला कचरतात. हा कायदा चुकीचा आहे असे कृपा करून समजू नका. तो नसता तर सावकारांनी आणि जमिनीच्या दलालांनी या तालुक्यांत एक गुंठा शिल्लक ठेवला नसता. कायदा योग्यच आहे. पण जो कायदा त्याची जमीन राखतो, त्याच्याच आडोशाने त्याची ऐपत शून्य धरली जाते, आणि यावर उपाय शोधायची गरज कुठल्याही कार्यालयाला वाटलेली नाही. शेवटी आम्ही तहसील कार्यालयात सात हेलपाटे घातले, तेव्हा अगदी लहान रकमेचा दाखला हाती आला.

दरम्यान त्याचा पुतण्या स्थापत्य पदविका पास झाला. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला मुलगा. आपल्या राज्यात शासनाची लहान कामे तीन वाट्यांत विभागतात. ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. हे मला नोकरीपासून पाठ होते, पण अशा वाट्यातून एखाद्या वारली मुलाला काम मिळाल्याचे माझ्या टेबलावर कधी आले नव्हते. मजूर संस्थाही पुष्कळ पाहिल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास याच भागात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, त्यामागचा हेतू चांगला होता. पण माझ्या नोकरीत ज्या मजूर संस्थांची बिले मी तपासली, त्यांतल्या काहींच्या अध्यक्षांच्या दारात दोन-दोन चारचाकी उभ्या असत आणि सभासद यादीतले मजूर शोधूनही सापडत नसत. मी सही करत होतो. तेव्हा मी असे प्रश्न विचारले नाहीत, हेही सांगून टाकतो.

पुतण्याची नोंद झाली. काम वाटप समितीकडून अंगणवाडीच्या दुरुस्तीचे छोटे काम मिळाले. मुलगा साइटवर अभियंता, काका मुख्य गवंडी, पाड्यावरची नऊ माणसे कामाला. काम पंचवीस दिवसांत झाले. बिल आठ महिन्यांनी निघाले. निधी आला नाही, मग आला तर कमी आला, मग मार्च संपला. ज्याच्या पाठीशी पैसा आहे तो ठेकेदार आठ महिने थांबू शकतो. यांनी काय करावे? मजुरांची मजुरी काकाने दर शनिवारी चुकती केली होती. त्यासाठी बैलजोडी विकली. मला हे बिल निघाल्यावर कळले.

मी फादरांकडे गेलो ते त्यानंतर, आणि इथे तुमचा संबंध येतो. तुमच्या देणग्यांतून एक छोटा फिरता निधी वेगळा काढला. त्यातून आम्ही सिमेंट घेत नाही, अवजारेही घेत नाही. निविदा भरताना बयाणा रक्कम ठेवावी लागते, काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत ठेवावी लागते, आणि बिल निघेपर्यंत मजुरी द्यावी लागते. तेवढ्यासाठी हे पैसे जातात. काम मिळाले नाही तर बयाणा परत येतो. काम नीट झाले तर दोषदायित्वाची मुदत संपल्यावर अनामत परत येते. आजवर पाच वेळा पैसे गेले आणि चार वेळा पुरते परत आले. पाचव्या कामात मोरीला भेग गेली. ती पुन्हा बांधून द्यावी लागली, तेवढे बुडाले. चूक आमचीच होती. पाया खडकापर्यंत नेला नव्हता.

बयाणा या शब्दावरून आठवले. पहिली निविदा भरताना मी काकाला म्हटले, आता बयाणा भरायचा. तो एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने पुतण्याने मला बाजूला घेऊन सांगितले, की यांच्याकडे बयाणा म्हणजे पावसाळ्यात वीटभट्टीवाला जी उचल देतो ती. ती घेतली की अख्खे कुटुंब सात-आठ महिने भट्टीवर बांधले जाते, आठवड्याला खावटी मिळते, आणि हिशेबाच्या वेळी बऱ्याचदा उचल अजून फिटलेली नाही असेच निघते. काकाचे लहानपण भट्टीवर गेले होते. आपण बयाणा द्यायचा आणि तरीही बांधले जायचे नाही, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागला.

गुजरातकडे जाणाऱ्यांचे दोन शब्दांत सांगतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याप्रमाणे पाच किंवा अधिक माणसे दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या ठेकेदाराला दोन्ही राज्यांचा परवाना लागत असे, आणि प्रत्येक मजुराला फोटो लावलेली पासबुक द्यावी लागे. तलासरीच्या नाक्यावर मी कितीतरी मुकादमांना विचारले. एकानेही असा कागद दाखवला नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. स्थलांतरितांसाठी पाचाची मर्यादा दहा झाली. कंत्राटी मजुरांच्या १९७० च्या कायद्यात परवान्याची अट मुळात वीस मजुरांपासून होती. महाराष्ट्राने ती आधीच पन्नासवर नेली होती, नव्या संहितेतही पन्नासच आहे. आमच्या काकासारख्या नऊ माणसांच्या ठेकेदाराला यात सुटका आहे, ते मी मान्य करतो. पण चाळीस माणसे टेम्पोत भरून नेणारा मुकादमही त्याच दाराने सुटतो. माझे मत विचाराल तर परवाना सोपा करायला हवा होता, एका पानाचा, तालुक्याला मिळणारा. कागद उरलाच नाही तर मजुराने दाद मागताना बोट कशावर ठेवायचे?

आता जे सांगायचे आहे ते मी घरी तीनदा लिहून खोडले.

२०१२ साली मी इथेच माझे घर बांधले. अभियंत्याचे घर, म्हणून नकाशा माझा, देखरेख माझी. काम एका मुकादमाला दिले. ओळखीतला, स्वस्त. दुसऱ्या मजल्याच्या सज्जाचे प्लॅस्टर चालू असताना परांचीचा बांबू सरकला आणि एक मुलगा खाली पडला. जव्हारकडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. अकराव्या दिवशी तो गेला. त्याची बायको आली, कडेवर एक मूल, हाताशी एक. मी चाळीस हजार रुपये दिले. मुकादमाने दहा दिले. शेजारी म्हणाले, तुम्ही फार केले, हल्ली एवढे कोण करतो. मलाही तसेच वाटले.

बांधकाम कामगारांचा जुना कायदा १९९६ चा होता. त्याखाली आपल्या राज्यात कामगार कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. १८ ते ६० वयाच्या ज्या कामगाराने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, त्याची तिथे नोंद होऊ शकते. नोंद असेल तर मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आजारपणात मदत मिळते, आणि कामावर अपघाताने मृत्यू आला तर आज वारसाला ५ लाख रुपये मिळतात. त्या मुलाची नोंद नव्हती. कारण त्याला ९० दिवसांचा दाखला कोणी दिला नव्हता. तो दाखला ठेकेदार देतो, ग्रामसेवक देतो, महापालिका देते. ग्रामसेवक म्हणतो, तू वसईत काम केलेस, मी कसे लिहू? महापालिका म्हणते, तू जव्हारचा. उरतो ठेकेदार. पण ठेकेदाराचीच कुठे नोंद नसेल तर त्याच्या दाखल्याला वजन नसते. खोटे दाखले विकणाऱ्या दलालांमुळे कार्यालयेही आता खऱ्या माणसाकडे संशयाने पाहतात.

म्हणून मी म्हणतो की काकाची ठेकेदार म्हणून झालेली नोंद एकट्या काकाची नाही. गेल्या वर्षी त्याच्या हजेरी पुस्तकावरून, त्याच्या सहीने, चौदा माणसांची मंडळाकडे नोंद झाली. त्यांत पाच बाया आहेत. बायांचे तर नाव हजेरीत घालायचीच पद्धत नव्हती. नवऱ्याच्या नावापुढे "जोडी" लिहिले की संपले.

घराचे काम चालू असलेले कितीतरी जण इथे बसले आहेत. बांधकाम परवानगी घेताना तुम्ही जी पावती फाडली, ती काढून पाहा. बहुतेकांच्या पावतीत कामगार उपकर असेल, बांधकाम खर्चाच्या एक टक्का. स्वतःच्या राहत्या घराला जुन्या कायद्यात १० लाखांपर्यंत सूट होती, नव्या संहितेत ती ५० लाखांपर्यंत आहे, तेव्हा काहींच्या पावतीत नसेलही. पण ज्यांनी भरला, त्यांनी कामगाराच्या नावाने पैसे भरलेले आहेत आणि त्यांच्या परांचीवर उभा असलेला माणूस मंडळाच्या यादीतच नाही. माझ्या घराचे असेच झाले. उपकर भरल्याची पावती माझ्या फाइलीत अजून आहे.

तुम्ही मोठे काही करावे असे मी म्हणत नाही. काम देण्यापूर्वी ठेकेदाराला विचारा, तुझी नोंद कुठे आहे? गुमास्ता खात्याला सूचना दिली आहेस का? माणसे थोडी असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती सूचना पुरते. मजुरांचा विमा आहे का? एका साइटपुरता कामगार नुकसानभरपाईचा विमा उतरवता येतो, आणि घराच्या खर्चात त्याचा हप्ता टाइल्सच्या एका खोलीइतकाही होत नाही. हजेरी पुस्तकात बायांची नावे आहेत का ते पाहा. ठेकेदार म्हणेल, साहेब, मग दर वाढेल. वाढेल. आमचा काकाही मुकादमापेक्षा थोडा महाग पडतो, हे मी लपवत नाही. या वर्षी आपल्याच धर्मग्रामातल्या दोघांनी त्याचा दर ऐकून काम मुकादमाला दिले.

त्या मुलाच्या बायकोचा पत्ता मी नंतर शोधला. ती माहेरी गेली होती, मग कुठल्याशा भट्टीवर. भेट झालेली नाही.

बाहेर चहाच्या टेबलावर सिस्टरांनी ९० दिवसांच्या दाखल्याच्या नमुन्याच्या प्रती ठेवल्या आहेत. शेजारी काकाचा मोबाइल नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. दिवाळीनंतर तो बारा माणसे घेऊन खाली येतो आहे आणि जानेवारीपर्यंतचे त्याचे एकच काम ठरले आहे. पुतण्या इथेच, मागच्या बाकावर बसला आहे. नकाशे आणले असतील तर त्याला दाखवा. तो लाजतो, पण दर बरोबर सांगतो.